नसलेले दाखवावे काय?

इंग्रजीत ज्या कलेस ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात तिला मराठीत ‘संवर्धित वास्तव’ असे नाव रूढ होऊ पाहत आहे. हे नाव आम्हांस पसंत नाही. शेत वाढविता येते, पगार वाढविता येतो, क्वचित बुद्धीही वाढविता येते असे आमच्या धंद्यातील लोक समजतात. परंतु वास्तव जेवढे असते तेवढेच असते, आणि त्यावर जे चढते ते वास्तव नव्हे. एका वस्तूवर दुसरीचे रूप भासणे ह्यास आपल्या शास्त्रकारांनी ‘आरोप’ किंवा ‘अध्यास’ हे शब्द योजिले आहेत. त्यांपैकी पहिल्या शब्दास मराठीत कोर्टकचेरीचा वास लागला आहे हे खरे; तरी ‘आरोपित दृश्य’ हेच नाव आम्हांस यथार्थ वाटते, आणि ह्या लेखापुरते आम्ही तेच वापरणार आहोत.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर ते असे. फोनचा कॅमेरा रस्त्याकडे धरावा. पडद्यावर तो रस्ता जसाच्या तसा दिसतो, आणि त्यावर, जणू ती तेथेच रोवलेली आहे अशा रीतीने, एखादी पाटी, एखादा बाण किंवा एखादी सबंध इमारत उभी राहते. आपण पुढे चाललो तर ती जवळ येते, बाजूस गेलो तर तिची बाजू दिसते. चित्रपटातील देखावा आणि हा देखावा ह्यांत भेद एकच, पण तो मोठा आहे. चित्रपट कोठेही बसून पाहता येतो. हे दृश्य त्या त्या जागी जाऊन उभे राहिल्यावाचून दिसत नाही. जागेशी त्याचे लग्न लागलेले असते, आणि म्हणूनच त्यातून नीतीचे प्रश्न उत्पन्न होतात.

हा खेळ दिसतो तितका नवा नाही. १९६८ साली अमेरिकेत इव्हान सदरलंड ह्यांनी डोक्यावर चढवावयाचे असे एक उपकरण बनविले. ते इतके जड होते की छतास टांगून ठेवावे लागे. पुढे १९९० च्या सुमारास बोइंग ह्या विमाने बांधणाऱ्या कंपनीत, तारांच्या जुड्या जोडणाऱ्या कामगारांच्या सोयीसाठी योजलेल्या उपकरणास हे इंग्रजी नाव मिळाले. घराबाहेर, उघड्या आकाशाखाली हा प्रयोग आणला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन फायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ साली. पाठीवर संगणकाचे गाठोडे घेऊन मनुष्य विद्यापीठाच्या आवारात हिंडे आणि त्यास इमारतींवर त्यांची नावे तरंगताना दिसत. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच मंडळींनी त्याच आवारात पूर्वी असलेल्या एका वेड्यांच्या इस्पितळाच्या इमारती पुन्हा उभ्या करून दाखविल्या. विद्यापीठाच्या जागी वेड्यांचे इस्पितळ दिसू लागल्याने प्राध्यापकवर्गास काय वाटले असेल, ह्याची कल्पना आम्ही करू शकतो.

खोलीच्या आत हे काम सोपे. उजेड आपल्या हाती असतो, भिंती हलत नाहीत. शहराच्या रस्त्यावर ते भलतेच अवघड होते. उपग्रहावरून मिळणाऱ्या ठिकाणात काही मीटरांची चूक राहते, अरुंद गल्लीत भिंतींवरून लहरी उलटल्यामुळे ती आणखी वाढते, आणि दोन हात चुकले तरी चित्रातील दरवाजा खऱ्या भिंतीत घुसतो. म्हणून यंत्रास पाहावयास शिकवावे लागते. कॅमेऱ्यात आलेल्या दृश्यातून ते कोपरे, कडा, खिडक्यांच्या चौकटी असे ठळक बिंदू टिपते. पूर्वी त्याच रस्त्याची जी छायाचित्रे घेतलेली असतात त्यांतील बिंदूंशी ते ताडून पाहते. आणि ह्या मेळावरून, आपण नेमके कोठे आणि कोणत्या दिशेस तोंड करून उभे आहोत, हे गणिताने काढते. शिवाय आकाश कोणते, रस्ता कोणता, माणूस कोणता हेही त्यास ओळखावे लागते. कारण चित्रातील भिंतीपुढून खरी म्हैस गेली तर ती भिंतीपुढेच दिसावयास हवी, भिंतीआड लपता कामा नये.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांस ह्या अडचणीची कल्पना चटकन येईल. १९१७ साली उभारलेली ती दुमजली वर्तुळाकार इमारत, मध्ये देवीचे मंदिर, आणि चोहोंकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंत सर्व बाजार तिच्याभोवती. वर्तुळाचा गुणच असा की ते कोठूनही सारखे दिसते. खेड्यातून प्रथमच आलेला मनुष्य गोलाईत दोन फेरे घालून आपण कोणत्या रस्त्याने आत शिरलो हेच विसरतो. आणि ज्या यंत्रास पुनःपुन्हा तीच कमान, तोच खांब दिसतो त्याचीही ह्याहून निराळी गत होत नाही. त्यात भर म्हणजे काल ज्या खुणा टिपल्या त्या आज वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकलेल्या असतात. भर वैशाखातील दुपारच्या उन्हात फोनचा पडदा डोळ्यांस दिसतच नाही, ही अडचण निराळी.

परंतु ह्या सर्व खटाटोपात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या रस्त्याचे दृश्य पूर्वी कोणी टिपून ठेवले नाही तेथे हे यंत्र आंधळे आहे. शंकराचार्यांनी अध्यासाचे जे लक्षण केले आहे त्याचा आशय असा की, पूर्वी पाहिलेली गोष्ट स्मृतीसारखी होऊन दुसऱ्याच ठिकाणी भासणे म्हणजे अध्यास. बाराशे वर्षांपूर्वीचे हे लक्षण आजच्या यंत्रास इतके तंतोतंत लागू पडावे ह्याची गंमत वाटते. मात्र एक फरक आहे. दोरीवर जो साप भासतो तो आपणच पूर्वी कोठे तरी पाहिलेला असतो; येथे पूर्वी पाहणारा निराळा, आणि आज भास होतो तो आपणांस. २०२२ साली गूगलने भारतातील रस्त्यांची दृश्ये पुन्हा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर (म्हणजे आताचे अहिल्यानगर) ही होती; नांदेड-लातूर नव्हती. पुढे २०२३ च्या अखेरीस त्याच कंपनीने देशातील ३,००० हून अधिक शहरां-गावांत चालणाऱ्यास वाट दाखविणारे असे आरोपित बाण आणण्याचे जाहीर केले. तेव्हा आमच्या भागास हा विषय दूरचा आहे असे समजून आता चालावयाचे नाही.

आमच्या परिचयातील काही विचारी गृहस्थांस ह्या कलेचे भय वाटते ते ती खोटे दाखविते म्हणून. हा आक्षेप तपासून पाहू. वेदान्त्यांनी भ्रमाचे दोन प्रकार मानले आहेत. दोरीवरचा साप हा एक. दिवा आणला, दोरी ओळखली की साप गेला. दुसरा प्रकार स्फटिकाचा. स्वच्छ स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे तो तांबडा दिसतो. आणि हा रंग फुलाचा आहे, स्फटिकाचा नव्हे, हे पुरते ठाऊक असलेल्या पंडितासही तो तांबडाच दिसत राहतो. फूल उचलीपर्यंत रंग जात नाही, पण त्या रंगाने पंडित फसत मात्र नाही. आरोपित दृश्य हे ह्या दुसऱ्या जातीचे आहे. पडद्यावरील पुतळा खरा नाही हे पोरासोरांसही कळते. तेव्हा केवळ खोटेपणाचा दोष काढून ह्या कलेस हद्दपार करावयाचे तर नाटक, चित्र आणि रांगोळीतला मोर ह्यांसही तिच्या पाठोपाठ गाव सोडावे लागेल.

खरा प्रश्न निराळाच आहे. स्फटिकाशेजारी फूल ठेवले कोणी, आणि कोणाच्या परवानगीने?

रस्ता हा सर्वांचा. त्यावरून चालण्याचा हक्क जसा सर्वांचा तसे त्याचे दर्शनही आजवर सर्वांचे होते. गोलाईत उभ्या असलेल्या दहा माणसांत हजार मतभेद असोत, मंदिर कोठे आहे ह्याविषयी नसतात. समोर काय आहे ह्यावर एकमत असते म्हणूनच ते चांगले की वाईट ह्यावर भांडता येते. आता एकास तेथे सराफाची जाहिरात दिसावी, दुसऱ्यास पुढाऱ्याचा पुतळा, तिसऱ्यास नुसता बाण, असे झाले तर भांडणाचे समाईक अंगणच गेले. फ्लेक्सची आम्हांस मनापासून चीड आहे. परंतु फ्लेक्सचा एक गुण कबूल केला पाहिजे. तो सर्वांस सारखाच दिसतो, आणि म्हणून त्याविरुद्ध अर्ज करता येतो. जे फक्त आमच्या शेजाऱ्याच्या फोनात आमच्याच घराच्या भिंतीवर लटकले आहे, त्याविरुद्ध आम्ही कोणत्या दारात जावे?

हे काल्पनिक भय नव्हे. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ नावाचा खेळ जगभर पसरला. त्यात खेळणाऱ्यास रस्तोरस्ती, देवळादेवळांत चित्रविचित्र प्राणी आणि त्यांची अंडी सापडत. त्याच वर्षी, तो खेळ भारतात रीतसर येण्यापूर्वीच, गुजरात उच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. पूजास्थानांत अंडी दाखविल्याने भाविकांच्या भावना दुखावतात, अशी एक तक्रार तीत होती. पुष्कळ सुशिक्षित ह्या तक्रारीस हसले. जे अंडे नाहीच त्याचा विटाळ कसला, असे त्यांचे म्हणणे. पण त्याच सुमारास पोलंडमधील आउश्विट्झच्या स्मारकाने तेथे हा खेळ नको असे सांगितले, आणि हिरोशिमा शहराने ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी आपल्या शांति-उद्यानातून हे प्राणी काढून टाकण्यास लावले. तेव्हा मात्र कोणी हसले नाही. वस्तुतः तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. जागेला अर्थ असतो, आणि तो अर्थ ज्यांनी जिवापाड जपला आहे त्यांस न विचारता तीवर दुसरे काही टांगणे हा, टांगलेली वस्तू कागदाची असो की प्रकाशाची असो, अपराध आहे.

येथवर बहुधा वाचकांचे आमच्याशी दुमत होणार नाही. अडचण पुढे आहे. टांगणारा परका नसून घरचाच असला, आणि टांगावयाची वस्तू जाहिरात नसून त्या जागेचीच स्मृती असली, तर काय?

नांदेडचे उदाहरण घेऊ. गुरु गोविंदसिंह १७०८ साली येथे निवर्तले. आजचे सचखंड गुरुद्वार महाराजा रणजितसिंह ह्यांनी १८३२ ते १८३७ ह्या काळात बांधविले. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त देशोदेशींचे यात्रेकरू यावयाचे म्हणून गुरुद्वाराभोवतीची दाट वस्ती हटवून रस्ते रुंद व मैदाने मोकळी करण्यात आली. ते योग्य झाले की नाही हा आजचा विषय नव्हे. परंतु आज तेथे प्रथमच येणाऱ्या तरुण यात्रेकरूस ती मोकळीक अनादिकाळापासूनची वाटते, आणि जुन्या नांदेडकरास त्याच मोकळ्या जागेत एक गल्ली चालताना दिसते. आपल्याकडे पत्ता सांगण्याची रीतही अशीच आहे. बंद पडून वर्षे लोटलेल्या टॉकीजसमोर, तोडलेल्या वडाजवळ, बुजविलेल्या विहिरीच्या मागे, असे पत्ते गावोगाव चालू आहेत, आणि टपालही पोहोचते. आरोपित दृश्याची कला ह्या प्रांतात जिभेने फार दिवस चालविलेली आहे. यंत्राने फक्त ती डोळ्यास आणून दिली.

ह्याहून कठीण उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जनाहून येऊन लोक नुकतेच निजले असता, लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. मातीत बसविलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवरची जड माळवदे निजलेल्यांवर कोसळली व हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी गावे मोकळी आहेत, त्यांचे रस्ते सरळ आहेत, घरे ओळीने आहेत. जुन्या जागी दगडमाती, गवत व बाभळी राहिल्या.

समजा, उद्या कोणी होतकरू अभियंता आमच्याकडे येऊन म्हणाला की, जुन्या किल्लारीच्या जागी फोन धरताच जुने गाव उभे राहील असे मी करतो. ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या भग्न देवळांवर ह्या शतकाच्या आरंभी असा प्रयोग झालाच आहे. त्यास आम्ही हो म्हणावे की नाही?

प्रथम मनात येते ते नाहीच. ऑलिंपियाच्या देवळात कोणाची आई गाडली गेलेली नाही. शिवाय एक तात्त्विक अडचण आहे, आणि ती आम्हांस भावनेहूनही मोठी वाटते. नैयायिकांनी ‘अभाव’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानिला आहे. जमिनीवर घट नाही, हे ‘नसणे’ही ज्ञानाचा विषय आहे, नुसती जमीन दिसणे म्हणजे घटाचा अभाव दिसणे नव्हे, असे त्यांचे मत. त्यांतही वस्तू मोडल्यावर जो अभाव उरतो त्यास ते प्रध्वंसाभाव म्हणतात, आणि त्याचे लक्षण असे सांगतात की त्यास आरंभ आहे, अंत नाही. फुटलेला घट पुन्हा तोच होत नाही. कुंभाराने तसाच दुसरा केला तरी पहिल्याचे नसणे संपत नाही. न्यायाच्या वर्गात मुलांस हे लक्षण शुष्क वाटते. किल्लारीच्या माळावर त्याचा अर्थ कळतो. तेथील खरे, वास्तव, पाहण्याजोगे जे काही आहे ते हे न संपणारे नसणे आहे. त्या जागी चित्रातले गाव उभे करणे म्हणजे जे तेथे आहे तेच झाकणे होय. एखाद्या गावाचा कट्टा पडद्यावर गजबजलेला पाहून हुरळून परतणाऱ्या प्रवाशाने किल्लारी पाहिलीच नाही, असे आम्ही म्हणू.

हा झाला एक पक्ष, आणि पुष्कळ दिवस आम्हांस तो पुरेसा वाटला असता, जर त्याच नैयायिकांनी पुढे एक अट घालून ठेवली नसती. अभावाचे ज्ञान होण्यास ज्याचा अभाव त्याचे, म्हणजे प्रतियोगीचे, ज्ञान आधी असावे लागते. ज्याने घट कधी पाहिला नाही त्यास घटाचा अभाव कसा दिसणार? त्यास नुसती जमीनच दिसेल. प्राभाकर मीमांसक म्हणतच असत की अभाव म्हणून निराळे काही नाही, उघडी जमीन तेवढी आहे. आणि जो मुलगा १९९३ नंतर नव्या गावात जन्मला, त्याच्यापुरते त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे झाले आहे. तो जुन्या जागी गेला तर त्यास दगड दिसतात, बाभळी दिसतात. त्याच्या आजीस तेथे उंबरठा नाही असे दिसते, तुळस नाही असे दिसते, समोरच्या वाड्यातली माणसे नाहीत असे दिसते. दोघे एकाच ठिकाणी उभे आहेत, एकीकडेच पाहत आहेत, आणि एकास अभाव दिसतो, दुसऱ्यास माळ. म्हणजे समाईक दर्शन तुटण्याचे जे भय आम्ही वर यंत्राविषयी दाखविले, ते येथे यंत्र नसतानाच घडून चुकले आहे!

म्हणून आमचे उत्तर फिरते. त्या मुलास प्रतियोगी दाखविण्यापुरते चित्र उभे करावे, आणि मग ते खाली उतरवावे. क्रम हा महत्त्वाचा आहे. जे यंत्र चित्र दाखवून तेथेच गुंतवून ठेवते ते अभाव झाकते. जे दाखवून काढून घेते ते अभाव दाखविते. गाव दिसले आणि नाहीसे झाले, त्या दोहोंमधील क्षणी त्या मुलास जे दिसेल ते आजीस तीस-बत्तीस वर्षे दिसत आले आहे. ह्याकरिता चित्र अगदी साक्षात वाटेल असे असण्याची गरज नाही. उलट ते रेषांचेच असलेले बरे. आणि त्यात गर्दी घालू नये. मृत माणसे चालती दाखविण्याचा मोह यंत्रकारास होईल, कारण ते आता सहज जमते. तो त्याने आवरावा. घरे दाखवावी, माणसे आजीने सांगावी.

दुसरी गोष्ट तर्काची आणि प्रामाणिकपणाची. आजची यंत्रे अर्धवट भिंत दिली की उरलेली आपल्या मनाने पूर्ण करून देतात, आणि ती इतकी सफाईने की कोठे माहिती संपली व कोठे अंदाज सुरू झाला हे कळू नये. प्राचीन वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली तिचे एक कलम असे आहे की जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दगडाच्या कामास लागू असलेला हा नियम प्रकाशाच्या कामास अधिकच लागू आहे. दगडाची चूक निदान महाग पडते. ज्या घराचे छायाचित्र आहे ते पक्क्या रेषेने, ज्याची नुसती आठवण आहे ते तुटक रेषेने दाखवावे, आणि जेथे दोन वृद्धांच्या आठवणी जुळत नाहीत तेथे दोन्ही दाखवाव्या. गल्ली ह्या बाजूस वळत होती की त्या बाजूस, ह्यावर पारावर बसून दोघे म्हातारे भांडले तर यंत्राने सार्थक केले असे आम्ही समजू.

हे काम मात्र आता लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. त्या रात्री जे वीस वर्षांचे होते त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, जे पन्नाशीत होते ते, असले तर, ऐंशीच्या पुढे आहेत. आणि प्रतियोगीचे ज्ञान आहे ते त्यांच्यापाशीच आहे, कोणत्याही उपग्रहापाशी नाही. अभियंत्याने कॅमेरा काढण्यापूर्वी वही काढावी, नव्या गावाच्या सरळ रस्त्यांवरून घरोघर जावे, आणि तुमचे घर कोठे होते, शेजारी कोण होते, दाराचे तोंड कोणीकडे होते, हे विचारून लिहून घ्यावे. पुष्कळ लोक सांगतील. कोणी एखादी बाई म्हणेल, माझे घर दाखवू नका. तिला कारण विचारू नये. गावाच्या चित्रात तेवढी जागा रिकामी सोडावी, आणि तेथे पाटी लावू नये.